रडू न आणणारे नैराश्य : माझा अनुभव

नैराश्य आलेला माणूस सतत रडतो, अंथरुणातून उठत नाही आणि कुणाशी बोलत नाही, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते आणि ते माझ्याही मनात होते. माझ्या बाबतीत यांतले काहीच घडले नाही. मी रोज वेळेवर कामाला बसत होते, कुणी विनोद केला तर हसत होते आणि भेटलेल्या माणसांना माझ्यात काही बिघडले असल्याची शंकाही येत नव्हती. तरीही बऱ्याच महिन्यांपासून मी आजारी होते, हे पुढे तपासणीत स्पष्ट झाले. त्या आजाराची चिन्हे कोणत्या क्रमाने उमटत गेली आणि त्यांचा उलगडा कसा झाला, ते येथे नोंदवत आहे. मी डॉक्टर नाही, व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. त्यामुळे जे लिहिते आहे ते रुग्णाच्या बाजूने लिहिते आहे.

सर्वांत आधी बदलला तो स्वभाव. कुणी दार जोरात लोटले, एकच प्रश्न दोनदा विचारला किंवा बोलता बोलता थोडे थांबले, की माझा संताप होई, आणि तो ओसरल्यावर स्वतःचीच लाज वाटे. कामाचा ताण आहे, वय वाढते आहे, अशी कारणे मी त्याला जोडत राहिले आणि ती अगदीच खोटी नव्हती. चिडचिडेपणा हा नैराश्याचा चेहरा असू शकतो, हे मला मानसोपचारतज्ज्ञांकडून कळले. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर निदानाच्या निकषांतच उदास मनःस्थितीच्या जागी चिडकी मनःस्थिती ग्राह्य धरलेली आहे. प्रौढांतही, विशेषतः ज्यांना ‘मला वाईट वाटते आहे’ असे म्हणण्याची सवय नाही अशा पुरुषांत, दुःखाऐवजी राग, जास्तीचे काम किंवा वाढलेले मद्यपान पुढे येते. घरातले तापट माणूस आजारी असेल, असे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही.

त्यानंतर झोप बिघडली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागत असे, परंतु पहाटेच्या कितीतरी आधी जाग येई आणि ती आली की मन थेट सर्वांत वाईट शक्यतेपाशी जाऊन बसे. चिंता प्रबळ असते तेव्हा झोप लागायलाच वेळ लागतो आणि नैराश्यात झोप अवेळी लवकर मोडते, असा एक ढोबळ फरक सांगितला जातो. प्रत्यक्षात दोन्ही एकत्रही आढळतात आणि काहींना उलट नेहमीपेक्षा फार जास्त झोप येते. माझ्याबाबत आणखी एक गोष्ट ठळक होती. सकाळ असह्य जड जाई आणि संध्याकाळ होता होता मन बरेच हलके होई. या चढउतारामुळे निर्णय लांबत गेला, कारण सकाळी डॉक्टरांकडे जाण्याचा निश्चय करावा आणि संध्याकाळी ‘आपण उगाच बाऊ करतो आहोत’ असे वाटावे, हे चक्र चालू राहिले. दिवसभरात असा ठरावीक बदल होणे हेसुद्धा नैराश्यात आढळणारे लक्षण आहे, हे त्या वेळी कुणी सांगितले असते तर पुष्कळ उपयोग झाला असता.

मुद्रितशोधनाच्या कामात एकाग्रता ढळली की ती लपत नाही. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचूनही अर्थ डोक्यात शिरत नव्हता, साधे ऱ्हस्वदीर्घ नजरेतून सुटत होते, आणि दोन सारख्याच योग्य पर्यायांतून एक निवडणे मला अवघड जाऊ लागले होते. स्मरणशक्ती कमी होते आहे की काय, ही भीती त्यात मिसळली. नैराश्यात विचार मंदावतात आणि निर्णयक्षमता घटते, त्यामुळे अनेकांना, विशेषतः उतारवयात, हा विसराळूपणाचा आजार वाटतो. या वयात दोन्ही शक्यता तपासून पाहाव्या लागतात.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे चिन्ह मला सर्वांत उशिरा दिसले, कारण ते कशाच्या तरी असण्याचे नव्हते, नसण्याचे होते. ज्या गाण्यांसाठी मी हातातले काम थांबवत असे, ती गाणी आता नुसता आवाज झाली होती. मैत्रिणींचे फोन घ्यावेसे वाटत नव्हते. सुटीची वाट पाहणे थांबले होते. वाईट वाटत होते असेही म्हणता येत नाही. काहीच वाटत नव्हते. नैराश्याच्या निदानासाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या निकषांत नऊ लक्षणे आहेत, त्यांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज, असावी लागतात. आणि त्या पाचांत उदास मनःस्थिती किंवा रस आणि आनंद हरपणे, या दोहोंपैकी एक तरी असलेच पाहिजे. ‘किंवा’ या शब्दाकडे माझे लक्ष गेले ते सवयीने, पण माझा सगळा गोंधळ त्या शब्दानेच सुटला. म्हणजे एखाद्याला दुःख जाणवत नसतानाही त्याला नैराश्य असू शकते. मी मनात दुःख शोधत होते आणि ते सापडत नाही म्हणून स्वतःला निरोगी समजत होते.

माझ्यातला बदल प्रथम बोलून दाखवला तो धाकट्या बहिणीने. “ताई, तू हल्ली माझे ऐकतेस, पण उलट काही विचारत नाहीस,” असे ती म्हणाली. तिने सल्ला दिला नाही, कारण विचारले नाही, केवळ दिसलेले सांगितले. बरोबर काय बदलले ते तिने सांगितले म्हणून मला ते नाकारता आले नाही. ‘तू हल्ली निराश दिसतेस’ असे म्हटले असते तर मी सहज हसून टाळले असते. स्वतःची लक्षणे स्वतःला टिपता न येण्याचे एक कारण हे की बदल इतका सावकाश होतो की कालच्या आणि आजच्या दिवसांत फरक दिसत नाही. तुलना करायची तर काही महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी करावी लागते, आणि ती तुलना जवळचा माणूस अधिक चांगली करतो.

त्यानंतर मी गेले ती फॅमिली डॉक्टरांकडे, आणि तीही मनाची तक्रार घेऊन नव्हे. छातीत धडधडत होते, मान आणि खांदे आखडलेले असत, पोट कायम बिघडलेले असे. मानसिक त्रास घेऊन येणारे असंख्य रुग्ण प्रथम शरीराच्याच तक्रारी सांगतात, आणि त्या तक्रारी खऱ्या असतात. चिंतेत शरीर धोक्यासाठी सज्ज अवस्थेत राहते, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणलेले राहतात आणि पचनावर परिणाम होतो. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. रक्त तपासताना हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व पाहिले. थायरॉइडचे कार्य मंदावले तर थकवा, जडपणा, वजनवाढ आणि उदासी येते आणि अतिरेकी वाढले तर धडधड, थरथर आणि अस्वस्थता येते, म्हणजे नैराश्य आणि चिंता या दोघांचीही हुबेहूब नक्कल होऊ शकते. म्हणून ही तपासणी टाळून थेट ‘मनाचे आहे’ असा शिक्का मारून घेणे मला योग्य वाटत नाही. माझे सर्व आकडे मर्यादेत आले, तेव्हा डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

ती पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली होती. ती २००१ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. तिच्यात नऊ प्रश्न असतात आणि गेल्या दोन आठवड्यांत तो त्रास अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस की जवळजवळ रोज झाला, यानुसार प्रत्येकाला ० ते ३ गुण दिले जातात. एकूण गुण २७ पर्यंत जातात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र असे टप्पे मानतात. चिंतेसाठी याच धर्तीवर सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावली असून तिचे गुण २१ पर्यंत जातात. माझी पहिली बेरीज १४ आली. ही निदानाची कसोटी नाही, पुढे तपासणी हवी का एवढेच ती सांगते, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले. घरी बसून ही प्रश्नावली सोडवून स्वतःचे निदान करणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवलेले बरे.

नवव्या प्रश्नावर माझे पेन थांबले. आपण मेलो असतो तर बरे झाले असते किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. स्वतःला इजा करण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पण रात्री झोपताना ‘उद्या जागच आली नाही तरी चालेल’ असे काही वेळा वाटून गेले होते, आणि त्यालाही ‘काही दिवस’ म्हणायचे का हे मला कळेना. मी ते तसेच बोलून दाखवले. डॉक्टरांनी न दचकता आणखी प्रश्न विचारले : काही बेत मनात आहे का, साधन जवळ आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. असे विचारल्याने आत्महत्येची कल्पना माणसाच्या डोक्यात भरते, ही समजूत चुकीची आहे. उलट थेट आणि शांतपणे विचारल्याने बोलायला वाट मिळते. ज्याच्या मनात बेत तयार असेल त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत मिळवावी. तिथे आणखी चार दिवस वाट पाहणे हा पर्यायच नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट मला वाटली होती त्यापेक्षा बरीच रुक्ष होती आणि त्याने मला हायसे वाटले. त्रास केव्हा सुरू झाला, घराण्यात कुणाला असा आजार होता का, कोणती औषधे चालू आहेत, कामावर आणि नात्यांवर काय परिणाम झाला, असे ते क्रमाने विचारत गेले. मध्येच त्यांनी विचारले, की झोपेची गरज अगदी कमी झाली आहे, अंगात भलताच उत्साह आहे आणि पैसे किंवा निर्णय यांचे भान सुटले आहे, असे दिवस आयुष्यात कधी आले होते का. हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटला, परंतु तो अत्यंत आवश्यक असतो. नैराश्य द्विध्रुवी विकाराचा, म्हणजे नैराश्य आणि उन्माद अशी दोन टोके असलेल्या आजाराचा, भाग असेल तर केवळ नैराश्यावरचे औषध दिल्याने मन उन्मादाच्या टोकाला जाण्याचा धोका असतो. जवळचे कुणी दगावल्यानंतरचा हा शोक तर नाही ना, हेही त्यांनी पाहिले. शोक लाटांनी येतो आणि मधल्या काळात माणूस आठवणींत हसूही शकतो. नैराश्यात जडपणा सलग राहतो आणि ‘मी निरुपयोगी आहे’ ही भावना सोबत येते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे अर्थातच आहे.

मध्यम नैराश्य आणि सोबत चिंता, असे निदान झाले. सौम्य त्रासात अनेकदा केवळ समुपदेशन पुरते. माझ्यासाठी औषध आणि बोधनिक वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी समुपदेशनाची पद्धत, सीबीटी) असे दोन्ही ठरले. औषधाने सुरुवातीला मळमळ झाली, अस्वस्थता किंचित वाढली आणि उपयोग मात्र दिसेना, कारण या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. हे आधी सांगितले नसते तर मी त्या बंद केल्या असत्या. समुपदेशनात पहिले काम अगदी क्षुल्लक होते : इच्छा होण्याची वाट न पाहता रोज एक ठरलेली कृती करायची आणि तिच्या आधीची व नंतरची मनःस्थिती लिहायची. मला ते पोरकट वाटले. नोंदींमध्ये फरक दिसू लागल्यावर ते मत मी सोडून दिले.

झोप सर्वांत आधी सुधारली, मग एकाग्रता, आणि गाण्यांतला रस सर्वांत शेवटी परतला. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांनी गोळ्या लगेच थांबवल्या नाहीत, कारण घाईने थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते आणि औषध एकदम तोडल्यास चक्कर, झोपमोड, अस्वस्थता असा वेगळाच त्रास होतो. सध्या मात्रा टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. माझी स्वतःची धोक्याची चिन्हे कागदावर लिहून काढलेली आहेत आणि त्यांची एक प्रत बहिणीकडे दिली आहे. पहाटेआधीची जाग सलग दोन आठवडे टिकली किंवा मी तिला उलट प्रश्न विचारणे बंद केले, तर तिने मला न विचारता डॉक्टरांची वेळ घ्यायची, असे आमच्यात ठरलेले आहे.