चटका बसलाच नाही

भाताची मळणी आटोपली की खानापुरातल्या माझ्या दवाखान्यात पायच पाय दिसायला लागतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, थंडी पडली की टाचांना भेगा. मी त्वचारोगाची डॉक्टर. या दिवसांत कोरड्या कातडीची तक्रार रोजचीच, आणि सांगायचं ते पाच-सात मिनिटांत सांगून होतं. जानेवारीतल्या त्या सकाळी मात्र तसं झालं नाही.

जांबोटीकडच्या एका गावातून सासू-सून आल्या होत्या. दाखवायचं होतं सुनेला. तिच्या नडग्या पांढुरक्या पडून आटलेल्या तळ्यासारख्या तडकल्या होत्या, खाजवून खाजवून रक्त आलेलं. मेडिकलमधून कुणीतरी दिलेली ट्यूब ती तीन आठवडे लावत होती. ट्यूब बघितली तर त्यात जहाल स्टेरॉइड! कोरड्या कातडीवर हे असं मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होत जाते. ती ट्यूब मी माझ्याकडेच ठेवून घेतली.

"आंघोळीला पाणी कसं घेतेस?"

"कढत. थंडी किती हाय बाई! आणि साबण दोनदा लावतो, मळणीची कुसं जात नाहीत."

तिला सांगितलं, कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मधे चरबीचा गिलावा असतो, त्यानं आतलं पाणी आत राहतं. कढत पाणी आणि साबण रोज तो गिलावा धुऊन काढतात. पाणी कोमट घे, आंघोळ दहा मिनिटांत उरक, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता. अंग पंचानं घासायचं नाही, टिपायचं. आणि ओल आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली नाहीतर खोबरेल लाव. माझा सगळा भर या शेवटच्या गोष्टीवर असतो. बायका तेल लावतात, पण रात्री, वाळून कोळ झालेल्या अंगावर. असलेली ओल अडवून धरणं हे तेलाचं काम. नसलेली ओल ते कुठून आणणार?

तेवढ्यात सासू म्हणाली, "हिच्या टाचेला पण भेगा हाईत. बिब्बा घाल म्हटलं तर ऐकत नाही ओ. मी परवाच घातलो की."

आमच्याकडे ही जुनी रीत. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा आणि गळणारा तेलाचा थेंब भेगेत सोडायचा. काजूच्या टरफलाच्या चिकानं हात उततात हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. बिब्बा त्याच कुळातला, तेलही तसंच. मी म्हटलं, "आई, पाय वर घ्या बघू."

उजव्या टाचेला करंगळी आडवी मावेल एवढी भेग, कडा पिवळ्या आणि दगडासारख्या टणक. भोवती बिब्ब्याचे काळे डाग आणि टरारलेले फोड. भेगेच्या तळाशी लाल मांस दिसत होतं, वासही येत होता. आणि याच पायानं ही बाई एसटीतून उतरून स्टँडपासून चालत आली होती, तेही न लंगडता.

"चटका बसला नाही?"

"काय कळलंच नाही बघा. पायाला मुंग्या येतात, तेवढंच."

माझ्या पोटात गोळा आला. टेबलाच्या खणात नायलॉनचा एक तंतू असतो, टेकवून दाबला की १० ग्रॅम जोराला वाकतो. त्यांना डोळे मिटायला लावले आणि लागेल तिथं 'हां' म्हणा म्हटलं. अंगठा, चवड्यावरच्या जागा, दुसरा पाय. खोली गप्प. त्या मात्र डोळे मिटून शहाण्या पोरासारख्या वाट बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कधी लावणार बाई?"

सून माझ्याकडे बघत राहिली.

बधिरपणा म्हटला की कुष्ठरोगही डोक्यात ठेवावाच लागतो. अंगावर चट्टा कुठं नव्हता, कोपराजवळची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस चाचपली, जाड नव्हती. बोटाला टोचून साखर बघितली. ३१८. तोवर आयुष्यात एकदाही तपासलेली नव्हती.

तळपायाला तेलाच्या ग्रंथी मुळातच नसतात. तिथल्या कातडीला ओल मिळते ती घामाची. मधुमेहात नसा झिजल्या की दुखणं कळेनासं होतं, आणि त्याच नसांवर घाम अवलंबून असल्यानं पाय कोरडा ठणठणीत पडतो. म्हणजे भेग पडायचं आणि न कळायचं कारण एकच. म्हणून भेगा दाखवायला येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची साखर मी तेव्हापासून बघते. आधीच बघायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी मलमाचा विषयच नव्हता. मेलेलं कातडं काढलं, जखम धुऊन पट्टी बांधली आणि चिठ्ठी देऊन त्यांना तडक बेळगावला फिजिशियनकडे पाठवलं. "भेगेसाठी बेळगाव?" म्हणून आई अडून बसल्या होत्या. सुनेनं हात धरून उठवलं.

जखम भरायला दोन महिने लागले. त्यानंतर युरियाचं मलम दिलं, टाचेला आणि तळव्याला. बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथं ओल साचून बुरशी धरते. गरम पाण्यात पाय सोडून बसायचं नाही हेही बजावलं, कारण पाणी पोळतंय हे त्या पायाला कळणारच नाही.

शेवटच्या खेपेला आईंनी पदराच्या गाठीतून मुठेलाचा गोळा काढला. मुठेल म्हणजे आमसुलाच्या बियांचं तेल, मुठीत वळलेलं. "बिब्बा सोडला. हे तरी चालतंय का?"

"चालतंय की. भेग उघडी नसेल तेव्हा लावा."

सुनेच्या नडग्या एव्हाना मऊ झाल्या होत्या. पिशवीतून तिनं हातातला छोटा आरसा काढून दाखवला. रोज रात्री सासूच्या तळव्याखाली तो धरते म्हणाली, बॅटरीच्या उजेडात. "काही दिसलं नाही तरी रोज बघायचं का?"

"रोज," मी म्हटलं.

आईंनी गोळा मोडला आणि अर्धा माझ्या टेबलावर ठेवला.