गव्हर्नर पुन्हा रिंगणात: सर्वेक्षणाआधी कायदा वाचा

अमेरिकेत पदावरचा गव्हर्नर, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला राज्याचा प्रमुख, पुन्हा उभा राहिला की चर्चा सर्वेक्षणांपासून सुरू होते. आधी त्या राज्याचा कायदा बघायला हवा, कारण जिंकायला किती मतं लागतात हेच सगळीकडे सारखं नाही.

व्हर्जिनियात लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. लुइझियानात निम्म्याहून जास्त लागतात. तिथे २०१९ मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स पहिल्या फेरीत सुमारे ४७ टक्क्यांवर अडले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत थोडक्यात तरले. व्हरमाँटमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर विधिमंडळ निवड करतं. २०१४ च्या निवडणुकीनंतर तिथले गव्हर्नर पीटर शुमलिन यांचं पद असंच टिकलं.

फेरमोजणीचा नियम तर उमेदवारांचेही डोळे उघडतो. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी २०१७ मध्ये एका कायद्यावर सही केली: फरक एक टक्का किंवा त्याहून कमी असेल तरच हरलेल्याला फेरमोजणी मागता येईल. पुढच्याच वर्षी ते टोनी एव्हर्स यांच्याकडून २९,२२७ मतांनी हरले. फरक जेमतेम १.१ टक्के, म्हणून मागणीची सोयच उरली नाही. त्या रात्री मिलवॉकी शहरातल्या टपाली मतांचा मोठा गठ्ठा मध्यरात्रीनंतर जाहीर झाला आणि एव्हर्स पुढे गेले. त्या राज्यात टपाली मतांची मोजणी मतदानाच्या दिवसाआधी सुरू करता येत नाही, त्यामुळे मोठ्या शहराचा आकडा उशिरा येतो. अशा ठिकाणी रात्री दहाच्या आघाडीवरून निकाल सांगणं म्हणजे निव्वळ घाई. कोणत्या काउंटीची (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाची) किती मतं मोजायची राहिली आहेत, ते आधी बघावं.

पक्षाची हवा किती आणि माणसाबद्दलची नाराजी किती, हे ओळखायचं तर त्याच दिवशी त्याच पक्षाच्या बाकीच्या उमेदवारांना काय मिळालं ते शेजारी मांडून बघा. केंटकीत २०१९ मध्ये राज्यपातळीवरची इतर पाचही पदं रिपब्लिकनांनी जिंकली, पण त्यांचे गव्हर्नर मॅट बेविन पडले. शिक्षकांशी पेन्शनवरून त्यांचं जोरदार वाजलं होतं. जिंकलेले डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांच्याशी फरक होता फक्त ५,१३६ मतांचा. बेविन यांनी बेरजा पुन्हा तपासून घेतल्या, मग हार मान्य केली. २०२३ मध्ये बेशिअर पुन्हा उभे राहिले आणि सुमारे पाच टक्क्यांनी निवडून आले, तेही २०२० मध्ये ट्रम्प यांना जवळपास २६ टक्क्यांची आघाडी देणाऱ्या राज्यात.