बिल्ला नंबर ३१७ : खदानीवाल्या घराचा शोध, दिवाळीपर्यंतची नोंद

मागच्या वेळी आमच्या घराचं मोजमाप झालं होतं. तीन खणांचं मातीचं घर, समोर सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परसू, वर गावकुंभाराचे कवेलू म्हणजे कौलं. नागपूर जिल्हा, रामटेक तालुका, मनसर-कांद्रीचा मँगनीज पट्टा. आजोबा खदानीत होते आणि हे घर त्यांनी बांधलं, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मीही तसंच लिहिलं होतं. ते आता दुरुस्त करावं लागतंय.

पावसाळ्याच्या तोंडाशी कवेलू फेरायला माणसं लावली, तेव्हा माळा रिकामा केला. सूप, मोडकं पायलीचं माप, कंदिलाच्या दोन काचा आणि फडक्यात गुंडाळलेला पितळी बिल्ला, खदानीत मजुराला मिळायचा तसा. रुपयाएवढा गोल, वर भोक, मधे ठोकलेले आकडे : ३१७. भोकाची एक बाजू दोऱ्यानं घासून इतकी पातळ झाली आहे की नखानं वाकेल. म्हणजे हा बिल्ला वर्षानुवर्षं कोणाच्या तरी अंगावर होता. मी लगेच फोटो काढून 'आजोबांचा बिल्ला' असं नाव देऊन ठेवला. ही घाई नडली.

आधी दगडांचं सांगतो. दार उघडं राहावं म्हणून सपरीत एक काळा दगड टेकवलेला असतो. माझ्या आठवणीत तो तिथेच आहे. उचलताना हात खाली जातो, इतका तो दिसतो त्यापेक्षा जड. काट्यावर साडेतीन किलो भरला. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत दोरीनं सोडला आणि सांडलेलं पाणी परातीत धरून मोजलं, ८०० मिली. भागाकार केला तर घनता ४.४ च्या आसपास येते. साध्या गारेची (क्वार्ट्झची) २.६५ असते. फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला तर तपकिरी-काळी रेघ उमटली. हे ब्राउनाइट, आपल्या भागातलं मुख्य मँगनीज खनिज. लोखंडाच्या खनिजाशी गल्लत होऊ नये म्हणून लोहचुंबक लावून पाहिला, धरला नाही. हेमटाइट हे लोहखनिजही चुंबकाला धरत नाही, पण त्याची रेघ लाल पडते. ज्यांच्या घरी असा दगड आहे त्यांनी ही तीन कामं करून पाहावीत, खर्च काहीच नाही.

जोत्याचे दगड वेगळे निघाले. करड्या गारेत तांबूस-पिवळे बारीक दाणे. हा गोंडाइट, म्हणजे गार आणि मँगनीजचा गार्नेट मिळून झालेला खडक. फर्मर या भूवैज्ञानिकानं १९०९ च्या आपल्या ग्रंथात गोंड लोकांवरून त्याला हे नाव दिलं. खनिज काढताना असा दगड टाकाऊ म्हणून बाजूला पडतो. आमच्या घराचा पाया त्या टाकाऊ दगडावर उभा आहे. कोणीतरी तो डोक्यावर किंवा बैलबंडीत घालून आणला असणार, कारण गावच्या नाल्यात तसा दगड सापडत नाही. मी दोन दिवस नाला चालून आलो.

कागदांचं थोडक्यात. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, वडिलांचा जन्म भेटला, आजोबांच्या नावापुढे 'मजुरी'. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'मजुरी, खदान'. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, घर आजोबांच्या नावावर. त्याआधीचं काही भेटणार नाही असं दिसतं : १९५१ ला मालगुजारी जाईपर्यंत आबादीची, म्हणजे गावठाणाची, जागा मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराचीच होती, आणि एका कार्यालयातली जुनी रजिस्टरं वाळवीनं संपवली आहेत. आजीचं नाव या तिन्ही कागदांत मिळून एकदा येतं, तेही 'आई' या रकान्यात.

आता मुख्य गोष्ट. गावातल्या जुन्या किराणा दुकानाच्या नातवानं उधारीच्या वह्या दाखवल्या. लाल कापडाच्या बासनात सात वह्या, त्यातल्या तिसरीची पहिली पानं फाटलेली, त्यामुळे साल नाही. पण हिशेब बोलतो. सुरुवातीच्या पानांवर रुपये, आणे, पैसे. एका पानापासून 'न. पै.' सुरू होतात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. तांदूळ मात्र शेवटपर्यंत शेरानंच मोजलेला आहे. किलोची सक्ती १९६२ पर्यंत पुरी झाली. म्हणजे ही वही १९५७ च्या अलीकडे-पलीकडे सुरू होते आणि १९६२ च्या आत संपते. दुकानदाराला 'न. पै.' ची सवय व्हायला वेळ लागलेला दिसतो. दोन-तीन पानांवर आणे खोडून वर पैसे लिहिलेत, आणि सहा आण्यांचे एकदा ३७, एकदा ३८ केलेत.

याच वहीत मला बिल्ल्याचा नंबर दिसला. एकाच नावाची माणसं गावात पाच-पाच, म्हणून दुकानदार खदानीवाल्यांच्या नावाआधी बिल्ल्याचा आकडा लिहायचा. '३१७' पुढे आजोबांचं नाव नव्हतं. आजीचं होतं, शेवटी 'बाई' लावून. आजोबांचा आकडा वेगळा, १४२. मी ते पान तीनदा वाचलं, मग नातवाला वाचायला लावलं.

पडताळा हवा होता. शेजारच्या मोठ्या आई त्याच खदानीत पोरवयात होत्या, आता पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांना बिल्ला न दाखवता आधी एवढंच विचारलं, तुमचा नंबर आठवतो का? त्या शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तीनशे एकवीस." वहीत ३२१ पुढे त्यांचंच नाव आहे, हे मी पाहून आलो होतो. त्यांच्या आठवणीवर भरवसा ठेवायला मला एवढं पुरलं. मग बिल्ला हातात दिला.

"थो तुह्या आजीचा हाये बाबू. आजानं काम सोडलं तवाच त्याचा जमा केला होता. हिनं नाई देला. हरपला म्हणून सांगतलं अन् आठ आणे दंड भरला."

मग कामाचं बोलल्या. बाप्ये सब्बल मारत, सुरुंगाची भोकं पाडत. फुटलेला दगड बायांच्या वाट्याला : हातोडीनं फोडायचा, काळा वेगळा, पांढरा वेगळा, चुंबळ ठेवून टोपल्यानं नेऊन चट्टा, म्हणजे मापाचा ढीग, लावायचा. चट्टा मापात बसला तर पैसे, कमी भरला तर दुसऱ्या दिवशी पुरा करायचा. "काळा दगड हातात घेतला का वजनानंच समजे. डोळे लावाचं कामच नोयतं." मी बादली-परात मांडून जे काढलं ते या बायांना तळहातावर कळत होतं.

बायांचं हे काम आपण 'मदत' म्हणून लिहितो. नवरा खदानीत, बायको मदतीला. इथे तर तिचा स्वतःचा नंबर, स्वतःचा चट्टा, स्वतःची उधारी. मँगनीजचं काम इकडे गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून चाललं ते याच हातांवर. उघड्या खाणीत माल निवडल्याशिवाय गाडीत भरत नव्हते, आणि निवडणाऱ्या बाया होत्या. पुढे १९६२ ला मॉइल (मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड) ही कंपनी झाली, तेव्हाही माझी आजी कामावर होती, असं मोठ्या आई सांगतात. त्याला कागद अजून नाही, म्हणून पेन्सिलीनं लिहिलं आहे.

आणि घर. वहीच्या मधल्या भागात साधारण सात महिने १४२ चं पान कोरं आहे. ना उधारी, ना जमा. मोठ्या आई म्हणतात, आजोबांच्या पायावर दगड पडला होता. त्या सात महिन्यांत ३१७ वर दर आठवड्याला जमा आहे, आणि त्यात ही ओळ : 'नगदी रु. १५, कवेलूकरिता.' खाली एका महिन्यानं 'नगदी रु. ८, मयालीकरिता.' मधल्या खणाची मयाल, म्हणजे छपराची आडवी तुळई, बाकी दोघींपेक्षा बारीक आणि किंचित वाकडी आहे, याची नोंद मी नकाशात जूनमध्येच केली होती. तेव्हा कारण कळलं नव्हतं. आठ रुपयांत तेवढंच लाकूड आलं असेल. तर आता माझ्या वहीत दुरुस्ती अशी : पाया आणि भिंती दोघांच्या, मधला खण आणि वरचं छप्पर आजीच्या कमाईचं. नमुना आठवर नाव कोणाचंही असो.

एक प्रयोग फसला, तोही सांगून ठेवतो. देवळीच्या कडेला पोतेऱ्याचे, म्हणजे भिंतीला सारवलेल्या मातीचे, थर मोजून घराचं वय काढायचं ठरवलं होतं, दर दिवाळीला एक थर धरून. भिंगाखाली ५३ मोजले, दुसऱ्या कोपऱ्यात ७१. लग्न निघालं की पोतेरा, पाणी गळलं की पोतेरा, त्यामुळे हा हिशेब लागत नाही. थरांचा उपयोग एवढाच की चुलीमागच्या भिंतीत खालचे थर धुरानं काळे आहेत आणि मधल्या खणात एकही काळा थर नाही. म्हणजे तो खण नंतर जोडला, चूल तिथे कधी नव्हती. वहीशी हे जुळतं.

पुढचं काम दोन ठिकाणी आहे. १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे मजुरांचं रजिस्टर, फॉर्म बी, ठेवावं लागायचं. त्या वर्षांचं जुनं रजिस्टर पाहायला अर्ज टाकला आहे. वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, कामावर लागल्याची तारीख, एवढं जरी भेटलं तरी पेन्सिलीच्या ओळी शाईनं होतील.

दुसरं काम त्याच वहीतून निघालं. ३१७ च्या खाली ३१८ आहे. तिथे नाव नाही, फक्त 'बहीण' एवढंच लिहिलंय आणि हिशेब ३१७ मधे वळता केलेला. पावणेदोन वर्षं, मग बंद. आजीला बहीण होती हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. मोठ्या आईंना विचारलं तर शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, बराच वेळ बिल्ला बोटानं पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "होती. लायनी (लहान) होती. उद्या ये, सांगतो." दुसऱ्या दिवशी गेलो तर ताप होता. आजीच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक पाहायला सोमवारी निघतोय.