फ्लॉरेन्सला जाऊन डेव्हिड का नाही पाहिला

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. कोल्हापूरला गेले की मावशी विचारते, इथे मिलानला गणपतीत भेटणारी मंडळी विचारतात, फोटो पाहून कॉलेजच्या मैत्रिणी विचारतात. फ्लॉरेन्सला गेलात, वेळ घेतलेली तिकिटं हातात होती, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा न बघता परत आलात? मग तिथे काय बघितलंत, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी सांगते, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री. समोरचा क्षणभर गप्प होतो आणि म्हणतो, "अगं, पण ते काय, नंतरही बघता आलं असतं."

नसतं आलं. आई-अण्णांचा व्हिसा संपत आला होता. त्या आठवड्यात मंगळवार तेवढा मोकळा होता, आणि अण्णा चौऱ्याहत्तरचे. इतक्या लांब पुन्हा येणं होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आम्ही पाहिली ती छत्री राजाराम महाराजांची. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम नव्हेत, आणि ज्यांच्या नावानं राजारामपुरी वसली ते शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत. हे मधले, १८५० साली जन्मलेले. १८७० मध्ये ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची रीत तिथे नव्हती, त्यामुळे सोबतच्या माणसांना खास परवानगी काढावी लागली. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर त्यांनी रात्री चिता रचली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणारे इंग्रज वास्तुकार चार्ल्स मँट म्हणजे पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा ज्यांनी केला तेच. आज तिच्या जवळून जाणाऱ्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सचे लोक 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात.

अण्णा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजला नाव याच राजारामांचं. तरी ते कुणाचं, हे शिकत असताना आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं ते म्हणायचे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते स्वतः शोधून काढलं. त्यामुळे मी फ्लॉरेन्सचं नाव काढलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "संगम स्टेशनपासनं किती लांब हाय?"

मी बेत आखला होता आणि नीट आखला होता. आता लोक म्हणतात तुझं नियोजन चुकलं, त्यांना हे ऐकवायचं आहे. सकाळी लवकरची गाडी, दोन तासांत फ्लॉरेन्स, आधी छत्री, दुपारी एकला अकादेमिया संग्रहालयात डेव्हिड, मग दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बाहेरून, संध्याकाळची गाडी. नवरा कामावर, म्हणजे आम्ही चौघं: आई, अण्णा, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक. छत्री आधी ठेवली कारण ऊन चढायच्या आत अण्णांचं चालणं व्हावं. यात अविचार कुठे होता, मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

बोलोन्यापर्यंत सपाट शेतं. पुढे अपेनाइन्सचा डोंगर येणार म्हणून अण्णांना मी खिडकी दिली होती, पण बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा वेगवान मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यातून जातो. एक बोगदा संपला की उजेडाची फट, की पुढचा बोगदा. अण्णा काचेत स्वतःचंच तोंड बघत बसले. सांता मारिया नोव्हेलाला गाडी थांबली, समोर रूळ संपलेले दिसले, तेव्हा मात्र खूश झाले. "आपल्यागतच. हितनं फुडं गाडी न्हाई."

स्टेशनाशेजारीच ट्राम मिळते. कास्चीने बागेपाशी उतरलो तर मंगळवारचा बाजार भरलेला. कपडे, चपला, भांडी, भाजी. आईचा जीव तिथेच रमला, तिनं एक सुती टेबलक्लॉथ घेतला आणि भाव न करता घ्यावा लागला म्हणून हळहळली. बाग नदीच्या काठाकाठानं लांबच लांब पसरली आहे आणि छत्री पार पलीकडच्या टोकाला, ट्रामपासून दोन किलोमीटरच्या वर. लेक पुढे पळत होती. तिच्या पाठपिशवीत चित्रांची वही होती. कित्येक आठवडे ती डेव्हिडचा उजवा हात काढत होती. फक्त हात. शरीराच्या मानानं तो मोठा का केला असेल, हे तिला समोर उभं राहून बघायचं होतं.

छत्री दिसली आणि अण्णांनी चपला काढल्या. खाली खडी होती. चार खांबांवर घुमट, आत संगमरवरी अर्धपुतळा, आणि त्याला रंग दिलेले. पगडी, दागिने, अंगरखा. चेहरा अगदी कोवळा. आपल्याकडच्या पुतळ्यांत राजा नेहमी थोराड असतो. इथे समोर कॉलेजातला मुलगा बसलेला. अण्णांनी कठड्याला धरून चारी बाजूंनी फेरी मारली. मग म्हणाले, "हा जगला असता तर शाहू महाराज गादीवर आलेच नसते बघ." खरंच आहे. यांच्या माघारी दत्तक आलेले चौथे शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात वारले आणि त्यानंतर कागलच्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज दत्तक आले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पावणेअकरा वाजले होते.

मग अण्णांनी विचारलं, पाणी कुठाय. आई बाकावर बसली ती बसलीच. "स्मशान ते स्मशान. मी पुढं येणार नाही." अण्णा आणि मी झाडांमधून काठावर गेलो. दोन्ही पाणी मातकट, मुन्योने तर ओढ्याएवढी. डोक्याच्या वरून पुलावरच्या गाड्यांचा अखंड आवाज. अण्णा गवतात बसले.

आता जे सांगते ते आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. अण्णांचा धाकटा भाऊ मस्कतला कामाला होता. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तो तिथे वारला. बांधकामावर पडला. घरी तार आली. अण्णांकडे पासपोर्ट नव्हता आणि तो निघेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तिथल्या बरोबरच्या कामगारांनी त्याला अग्नी दिला. पुढे सुट्टीवर आलेल्या एका माणसानं अस्थी आणून दिल्या, त्या अण्णांनी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला संगमात सोडल्या. काकांचा फोटो घरात आहे. त्यांच्या जाण्याबद्दल मी अण्णांच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलं नव्हतं.

काठावर बसून त्यांनी विचारलं, "मंत्र कुणी म्हटलं असतील ह्याच्या वेळी?"

मी म्हणाले, त्यांच्या बरोबरची आपलीच माणसं होती, त्यांनीच सगळं केलं.

"मग बरं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोलायला लागले. भावानं मस्कतहून पाठवलेला टेपरेकॉर्डर, त्यात भरून पाठवलेला त्याचा आवाज, ती कॅसेट पुढे कुठे गेली. अग्नी देणाऱ्या माणसांपैकी एकाचा पत्ता त्यांनी जपून ठेवला होता, पत्र लिहायचं राहिलं. कोण होती ती माणसं, कुठल्या गावची, त्याच्या डोळ्यांवर हात कुणी ठेवला. हे प्रश्न त्यांनी मला नव्हे, पाण्याकडे बघत विचारले. मी घड्याळ पाहिलं तेव्हा बारा वाजायला आले होते. ट्रामपर्यंत परत चालत जायला अण्णांना पाऊण तास लागणार, पुढे अकादेमिया. तेव्हाच उठायला हवं होतं.

लेक झाडांपाशी येऊन उभी राहिली. "आई, निघायचं ना?" मी म्हणाले, पाच मिनिटं. परत आली. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा ती आली नाही. मी वळून पाहिलं तर आजीशेजारी बसून तिनं पिशवीतून तिकिटांची छापील प्रत काढली होती. ती घडी घालत होती, आणखी घडी, आणखी घडी, कागद वळेनासा होईपर्यंत. रडत नव्हती.

यावर तुम्ही जे जे म्हणता ते मला पाठ आहे. टॅक्सी बोलवायचीस. अण्णांना "परत येऊ" म्हणून उठवायचंस. आई-अण्णांना तिथे बसवून मुलीला घेऊन जायचंस, दोन तासांचा तर प्रश्न. भाषा न येणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना परक्या गावात नदीकाठी सोडून कसं जाऊ, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. आई खंबीर आहे, फोन चालू होता. मी जाऊ शकले असते. मला तिथून उठायचं नव्हतं. चाळीस वर्षं बंद असलेलं तोंड माझ्यासमोर उघडलं होतं आणि मी हलले तर ते मिटेल, या भीतीनं मी हलले नाही. टॅक्सी आली असती तरी मी गेले नसते.

तो बेत आखणारी मी आणि त्या काठावर बसलेली मी यांचं माझ्या डोक्यात अजून जुंपतं. पहिली म्हणते, तू लेकीला शब्द दिला होतास, आणि मोठ्यांच्या दुःखापुढे मुलांनी नेहमी मागे सरायचं हीच तर रीत तुला मोडायची होती. दुसरी म्हणते, पुतळा पाचशे वर्षं उभा आहे, अण्णांना दुसरा मंगळवार नव्हता. पहिली म्हणते, हे अकरा वर्षांच्या मुलीला सांग. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. समजून घेतलं असं मला म्हणता येत नाही, आणि तिनं ते घ्यावं असा हट्ट मी का धरावा?

दुपारी आम्ही तिला सिन्योरिया चौकात नेलं. राजवाड्याच्या दाराशी डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे. अस्सल पुतळा १५०४ पासून १८७३ पर्यंत तिथेच उघड्यावर होता, मग अकादेमियात हलवला. म्हणजे महाराज फ्लॉरेन्समध्ये होते तेव्हा तो इथेच उन्हापावसात उभा होता, हे मी तिला उत्साहानं सांगायला गेले. तिनं वर पाहिलं, हात पाहिला, म्हणाली, "पण हा तो नाहीये." वही काढली नाही. अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो राहू दिला.

मिलानला पोचल्यावर आईनं रात्री अकराला डोक्यावरून आंघोळ केली आणि आम्हा सगळ्यांना करायला लावली. यावरूनही मावशी बोलते. सहलीला म्हणून नेऊन आई-बापाला स्मशानात बसवलंस म्हणते. मावशी, तिथे बसायला त्यांना मी सांगितलं नव्हतं.

अण्णा कोल्हापूरला परतले. तो पत्ता त्यांनी शोधून काढला, पत्र टाकलं, उत्तर आलेलं नाही. मस्कतचा विषय पुन्हा बंद झाला आहे. फोनवर ते एवढंच विचारतात, "पोरीला दावलास का तो पुतळा?" मी लेकीला कितीदा म्हटलं, पुढच्या शनिवारी जाऊ, दोघीच. ती म्हणते, मी मैत्रिणींबरोबर जाईन, मोठी झाल्यावर. माझ्याबरोबर जायचं नाही. का, हे ती सांगत नाही, आणि तेवढा हक्क तिला आहे. म्हणून यापुढे भेटलात की डेव्हिडचं मला विचारा, हवं तितकं विचारा, पण तिच्यासमोर नको.