ढाक्यात सही झाली त्यानंतरची सकाळ

१६ डिसेंबर म्हटलं की आपल्या सगळ्यांना १९७१ च्या युद्धाचा तो एकच फोटो आठवतो, ढाक्यात पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय, शेजारी जनरल अरोरा बसलेत, मागे अधिकारी उभे आहेत. विजय दिवस. तो आनंद खराच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण त्याच दिवशी पश्चिमेच्या आघाडीवर बसंतर नदीच्या पलीकडे काय चाललं होतं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ढाक्यात सगळं संपल्यावर, तिथे काय झालं हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून आज लिहायला बसलो.

जागा म्हणजे शकरगढचा भाग. नकाशात बघा, पाकिस्तानचा हा तुकडा जम्मू आणि पठाणकोटच्या मधे आत घुसल्यासारखा दिसतो. जम्मूला जाणारा रस्ता तिथून जवळ, तो तुटला तर काश्मीरची रसद अडकणार, म्हणून आपल्या सैन्याने वाट न बघता आत मुसंडी मारली. ५४ इन्फन्ट्री डिव्हिजन पुढे सरकत बसंतरपर्यंत आली. प्रदेश सपाट, शेतं, उसाचे फड, लपायला जागा कमी आणि नदीच्या दोन्ही बाजूंना माइन्स, म्हणजे भूसुरुंग, पेरलेल्या.

१५ तारखेच्या रात्री ३ ग्रेनेडिअर्स आणि १६ मद्रास या पायदळाच्या पलटणी नदी ओलांडून पलीकडे गेल्या, जरपाल वगैरे ठिकाणं घेतली. आता गंमत बघा, (गंमत नाही खरं तर, जीव मुठीत धरायची वेळ होती ती) पायदळ पलीकडे, रणगाडे अलीकडे आणि मधे माइनफील्ड. इंजिनिअर्स रात्रभर वाट मोकळी करत होते. ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी आधीच्या माइनफील्डपासून हेच काम करत आले होते, वरून तोफगोळे पडतायत आणि खाली माइन्स, आणि माणूस आपल्या टीमबरोबर तिथेच उभा. याच कामावर असताना ते गेले, नंतर महावीरचक्र मिळालं. वाट पूर्ण साफ व्हायच्या आधीच पलीकडून पायदळाचा निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसतेय. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, हनुत सिंग यांनी ठरवलं, अर्धवट साफ झालेल्या माइनफील्डमधूनच टँक घालायचे. आणि घातले. थांबले असते तर सकाळी पलीकडचं पायदळ चिरडलं गेलं असतं हे त्यांना दिसत होतं.

१६ च्या सकाळी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपालबद्दल तुम्ही वाचलं असेलच. जन्म पुण्याचा, वय २१, जूनमध्ये कमिशन मिळालेलं म्हणजे नोकरीला जेमतेम सहा महिने. शेवटी त्या तुकडीत त्याचा एकच रणगाडा लढत राहिला, तोही पेटला, रेडिओवर बाहेर पड म्हणून ऑर्डर आली तर म्हणाला माझी गन अजून चालतेय. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे गेले त्यातले चार एकट्या त्याचे, असं परमवीरचक्राच्या सायटेशनमध्ये, म्हणजे पदकाबरोबरच्या मानपत्रात, लिहिलंय. तो सकाळी गेला आणि ढाक्यात सही झाली दुपारी साडेचारच्या सुमारास. हे काही तासांचं अंतर मला दरवेळी अस्वस्थ करतं.

पण मला खरं बोलायचंय ते जरपालच्या खंदकांबद्दल. तिथे ३ ग्रेनेडिअर्सची एक कंपनी घेऊन मेजर होशियार सिंग बसले होते. १६ तारखेला त्यांच्यावर तीन काउंटर अटॅक झाले, त्यातले दोन रणगाड्यांसकट. विचार करा, आदल्या रात्री नदी पार करून, हातघाईची लढाई करून जागा घेतलीय, झोप नाही, आणि दिवसभर एकामागून एक हल्ले, मधल्या वेळात तोफखाना. होशियार सिंग एका खंदकातून दुसऱ्या खंदकात फिरत राहिले, जवानांना धीर देत. आपण शौर्य म्हटलं की पुढे धावणारा माणूस डोळ्यासमोर आणतो, पण इथे पुढे जायचंच नव्हतं, जिथे आहे तिथून हलायचं नव्हतं, आणि मला वाटतं हे जास्त अवघड आहे. धावताना निदान शरीराला काहीतरी करायला मिळतं. खंदकात बसून पुढचा गोळा कुठे पडतो याची वाट बघत रात्र काढायची आणि सकाळी तरीही नेम धरायचा, याला काय म्हणायचं.

१७ च्या सकाळी पाकिस्तानची ३५ फ्रंटिअर फोर्स, पूर्ण बटालियन, चालून आली. रणगाड्यांनी आदल्या दिवशी जमलं नाही ते आता पायदळाने करायचं होतं. मोकळं रान, समोर मशीनगन्स. आणि त्यांचे सीओ लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा मागे बसून नव्हते, स्वतः हल्ल्यात होते. होशियार सिंग तोपर्यंत चांगलेच जखमी झालेले, तेवढ्यात एका मशीनगनच्या पोस्टजवळ गोळा पडला, गनवरचे जवान जखमी, गन बंद. ते तसेच जखमी अवस्थेत धावत त्या खड्ड्यात गेले आणि स्वतः गन चालवायला लागले. हल्ला मोडला. समोर ८५ प्रेतं पडली होती, त्यात अक्रम राजा आणि आणखी तीन अधिकारी. राजांना पाकिस्तानने हिलाल-ए-जुर्रत हे शौर्यपदक दिलं.

त्या ८५ जणांबद्दलही मला वाईट वाटतं आणि हे लिहिताना मला अजिबात संकोच नाही. पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, त्यांच्या सैन्याने जे अत्याचार केले ते भयंकरच होते, त्याला माफी नाही. पण त्या सकाळी जरपालसमोर आलेल्या शिपायाला ऑर्डर मिळाली होती आणि तो चालत आला, ढाका आदल्या दिवशीच पडलेलं असताना. त्याच दिवशी रात्री आठला पश्चिमेला सीझफायर झाला. म्हणजे ती सकाळ टळली असती तर दोन्हीकडची किती माणसं घरी गेली असती.

होशियार सिंग सीझफायर होईपर्यंत मागे जायला तयार झाले नाहीत. ७१ च्या चार परमवीरचक्रांपैकी जिवंतपणी मिळालेलं ते एकटंच, बाकी तिघे अल्बर्ट एक्का, निर्मलजित सिंग सेखों आणि खेत्रपाल, सगळे मरणोत्तर. ते पुढे बरीच वर्षं जगले, १९९८ ला गेले.

त्यांचं सायटेशन मी परत परत वाचतो तेव्हा एका वाक्याशी अडकतो, ते मशीनगनच्या पोस्टवाल्या जवानांचं. सायटेशनमध्ये त्यांची नावं नाहीत, फक्त क्रू जखमी झाला एवढंच. दोन दिवस ती गन त्यांनीच चालू ठेवली होती ना. तुमच्या घरात, नात्यात, गावात ७१ ला सीमेवर असलेलं कुणी अजून असेल, आता सत्तरीच्या पुढचे असतील सगळे, तर त्यांच्याजवळ बसा आणि मेडलचं नंतर विचारा, आधी विचारा की तुमच्या खंदकात तुमच्याबरोबर कोण कोण होतं, आणि ती नावं लिहून घ्या.