बगळा परवडला, कमिटी नको

बगळ्यांनी मासे खाऊ नयेत म्हणून सोसायटीच्या तळ्यावर जाळी लावायला एक दुपार पुरते. ती लावू का, हे विचारण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला. जाळी लागून आता बरेच महिने झाले, पण सोसायटीच्या ऑफिसातल्या त्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून काढलेला वेळ आठवला की अजून डोकं तापतं. तेव्हा हे लिहिणं थोडं माहितीसाठी आणि बरंचसं मन मोकळं करण्यासाठी आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. हायवे ओलांडला की मिठागरं, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. फ्लेमिंगो बघायला लोक लांबून येतात, बगळे मात्र आमच्या रोजच्या उठबशीतले. बिल्डरने गेटजवळ एक कारंजं बांधून दिलं होतं, साधारण दहा फूट बाय सहा फूट, दोन फूट खोल. पंप जळला तसं ते बंद पडलं आणि त्यात पावसाचं पाणी, वेफर्सची पाकिटं आणि डास एवढंच उरलं. आम्ही काही बायकांनी मिळून ते साफ करून घेतलं, कमळाच्या कुंड्या सोडल्या, क्रॉफर्ड मार्केटातून गोल्डफिश आणि छोटे कोई आणले. गप्पी आणले ते शोभेसाठी नव्हे. गप्पी डासांच्या अळ्या खातात, महापालिकाही विहिरी-हौदांत तेच सोडते. हे लक्षात ठेवा, शेवटी आमचं काम गप्पींनीच केलं.

मासे कमी व्हायला लागले तेव्हा आधी मांजरावर आळ आला, मग रात्रपाळीच्या वॉचमनवर. ‘कोईला बाजारात भाव आहे’ असं एक सदस्य त्याच्यादेखत बोलले. त्यानंतर तो माणूस कुणाच्या नजरेला नजर देईना. मला ते फार लागलं, म्हणून मी सगळ्यात आधी सीसीटीव्ही बघायला मागितला. तुम्हीही आधी तेच करा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग हातात पुरावा राहत नाही.

चोर दोन निघाले. पहाटेची ढोकरी, पक्ष्यांच्या पुस्तकांत जिला वंचक म्हणतात ती, आणि रात्रीचा रातबगळा. ढोकरी बसलेली असताना दिसतच नाही: मातकट, रेघारेघांची, मान खांद्यात ओढून घेतलेली. कुंड्या ठेवायला आमच्या तळ्यात आतून एक पायरी आहे, तिच्यावर जेमतेम चार-सहा इंच पाणी. बाई त्या पायरीवर उभ्या. मी फुटेज पुढे ढकलत राहिले, ढकलत राहिले. वाटलं रेकॉर्डिंगच अडकलंय, पण शेजारी पाण्यावर एक पान हलत होतं. मग मान एकदम दुप्पट लांब झाली, चोचीत काहीतरी चकाकलं, ते फिरवून डोक्याकडून गिळलं आणि उडाली ती अख्खी पांढरीशुभ्र. पंख मिटले की त्यातलं पांढरं औषधालाही दिसत नाही. रातबगळा ठेंगणा, डोक्यावर आणि पाठीवर काळा. कॅमेऱ्यात त्याचे फक्त डोळे चमकत होते. तिसरा एक असतो, राखी बगळा, उभा राहिला की तीन फुटांच्या आसपास. मोठ्या कोईला त्याच्यापासून धोका. ढोकरीची मजल बोटभर माशापर्यंतच. आमच्याकडे राखी उतरला नाही, पण तुमच्या तळ्यात मोठे मासे असतील तर त्याचा विचार करूनच जाळी घ्या.

वॉचमनला बोलावून मी ते फुटेज दाखवलं. त्या सदस्यांनी अजून त्याची माफी मागितलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

घरगुती उपायांवर फार बोलत नाही. जुन्या सीडी टांगल्या, प्लॅस्टिकचं घुबड आणलं. सुरुवातीला फरक पडला, मग पक्षी सरावले. तंगूस, म्हणजे मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा, मात्र कामाचा. ढोकरी बहुतेक वेळा काठावर उतरते आणि चालत पाण्यात शिरते, म्हणून काठाने वीतभर उंचीवर एक आणि त्याच्या वर तेवढ्याच अंतरावर दुसरा असा तंगूस ताणला की तिचे पाय अडतात. त्याला अधूनमधून लाल चिंध्या बांधा, नाहीतर खेळणारी पोरं अडखळतात. रातबगळ्यापुढे हा उपाय फिका पडला, तो सरळ आतल्या पायरीवरच उतरायचा. त्यात जून लागला. ढोकऱ्यांची वीण पावसाळ्यातली. तेव्हा पाठीचा मातकट रंग जाऊन गडद मरून होतो आणि घरट्यात पिल्लं तोंड वासून बसलेली असतात. आमच्या रेन ट्रीवरच घरटी होती. आता जाळीशिवाय गत्यंतर नव्हतं.

म्हणून अर्ज दिला.

मॅनेजरने तो घेतला, इनवर्डचा शिक्का मारला आणि म्हणाला, ‘‘ताई, कमिटीपुढे ठेवतो.’’ उपविधींप्रमाणे कमिटीची बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. ती झाली, पण माझा अर्ज तीत नव्हता, कारण अजेंडा आधीच निघाला होता. पुढच्या बैठकीला कोरम भरला नाही. मध्येच कळलं की फाइल खजिनदारांकडे आहे. तळ्याच्या जाळीत खजिनदारांचा काय संबंध? ‘‘खर्च आहे ना ताई.’’ खर्च आम्ही बायका वर्गणी काढून करणार, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

मग एकदाचं उत्तर आलं. लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून: ‘आपल्या सदनिकेच्या बाह्य बाजूस कबुतर जाळी बसविण्याबाबतचा अर्ज प्राप्त झाला. सोबत खिडकीचे मोजमाप, छायाचित्र, जाळीबाहेर कुंड्या ठेवणार नसल्याचे हमीपत्र व डिपॉझिटचा धनादेश जोडावा.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अर्जात ‘जाळी’ हा एक शब्द सापडला, तेवढा धरून त्यांनी छापील नमुना बाहेर काढला होता.

मी तशीच खाली गेले. ‘‘अहो, यात माझी खिडकी कुठून आली? तळं आहे हे. सगळ्यांचं.’’

‘‘ताई, जाळीचा हाच फॉर्म आहे.’’

‘‘मग तळ्याचा द्या.’’

‘‘तळ्याचा फॉर्म नाही ना.’’ आणि मग आवाज खाली आणून, मोठा उपकार केल्यासारखा: ‘‘तुम्ही असं करा, खिडकीच्या मापाच्या जागी तळ्याचं माप टाका. फ्लॅट नंबर तुमचाच राहू द्या.’’

म्हणजे उद्या जाळी फाटली, कुणाचा पाय अडकला, तर जबाबदारी माझ्या फ्लॅटची आणि दंड माझ्या मेंटेनन्सच्या बिलात. मी सही केली नाही. घरी सगळे म्हणाले, कर ना सही, एवढं काय त्यात. त्या हट्टाचा मला आजही अभिमान आहे.

दुसरा अर्ज मी ‘जाळी’ हा शब्दच गाळून लिहिला. विषय: ‘सामाईक बागेतील तळ्यावर काढता-घालता येण्याजोगे आच्छादन’. ‘काढता-घालता येण्याजोगे’ हे फार महत्त्वाचं. कायमचं बांधकाम म्हटलं की प्रत्येकाला कायदा आठवतो. हा अर्ज खरंच कमिटीपुढे गेला. सेक्रेटरींनी मलाही बोलावलं. ‘‘या वहिनी, बसा.’’ चहा आला.

एक म्हणाले, एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बिघडेल. गुडघाभर उंचीच्या आच्छादनाने सात मजल्यांचं एलिव्हेशन कसं बिघडतं ते मला अजून उमगलेलं नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पक्ष्याच्या तोंडचा घास काढणं बरं नव्हे. हे मला थोडं पटतं, बगळ्याने बगळ्यासारखंच वागावं. पण हायवेपलीकडे खाडीकाठचा सगळा चिखल त्याच्यासाठी मांडून ठेवलेला आहे, आमच्या सहा फुटी हौदावाचून तो उपाशी मरत नाही. तिसरे म्हणाले, फांद्या छाटा, घरटीच जातील. त्यांना मी सांगितलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरटी मोडणंही शिकारीत धरतात आणि फांदी छाटायची तर १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी वेगळी. सेक्रेटरींनी हे वहीत लिहून घेतलं. त्या संध्याकाळी लिहिली गेलेली ती एवढीच गोष्ट.

चौथे आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, ‘‘तळं बुजवून पेव्हर ब्लॉक टाकले तर एक गाडी बसेल.’’ यावर खोलीत जी शांतता पसरली तिची मला बगळ्यापेक्षा जास्त भीती वाटली. मुंबईत एका गाडीच्या जागेपुढे मासे, कमळं आणि आम्ही बायका, कुणाचाच पाड लागत नाही. प्रत्येकजण मनातल्या मनात ती गाडी लावून बघत होता.

ठरलं काय, तर आर्किटेक्टचं मत घ्यावं आणि विषय एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, न्यावा. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होणार हे लहान मूलही सांगेल. तोवर तळ्यात उरणार काय? कुंड्या.

ऑगस्टमध्ये मलेरियावाले आले. गच्चीवरच्या टाक्या, कुंड्यांखालच्या बशा बघून झाल्यावर त्यातल्या एकाने तळ्यात पळी बुडवली, बॅटरी मारली आणि पळी माझ्यापुढे धरली. बारीक अळ्या डोकं खाली करून लटकल्या होत्या, पळी हलली की वळवळत तळाशी जात होत्या. ‘‘मॅडम, मागच्या खेपेला इथे गप्पी होते. कुठे गेले?’’

‘‘कमिटीला विचारा,’’ मी म्हटलं.

नोटीस सेक्रेटरींच्या नावाने निघाली. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा वाट बघायची सोय नव्हती. त्याच रात्री ग्रुपवर मेसेज: ‘तळ्याचे काम युद्धपातळीवर हाती घेण्यात येत आहे.’ आर्किटेक्ट नाही, एजीएम नाही, हमीपत्र नाही. पुढच्या मिनिट्समध्ये वाचलं तर ‘कमिटीच्या पुढाकाराने तळ्यावर कबुतर जाळी बसविण्यात आली’. असू दे.

तेव्हा अर्ज लिहिताना माशांची दया येईल असं काही लिहू नका. डास लिहा, डेंग्यू लिहा. पोच घ्या. आणि चहा आला तरी विषय सोडू नका.

जाळीचं सांगायचं तर, खिडक्यांना कबुतराची जाळी लावणाऱ्यांपैकीच एकाला बोलावलं. पाइपांची चौकट करून घेतली, पाण्यापासून दीड फूट वर. जाळी पाण्यालगत ठेवली तर बगळा बाहेर उभा राहून भोकातून चोच घालतो आणि कमळाची पानंही तिच्यात गुंततात. बाजू जमिनीपर्यंत बंद हव्यात, नाहीतर ढोकरी खालून चालत आत जाते. ताण तर असा हवा की हाताने दाबली तर जाळी लगेच परत वर यावी. सैल आणि बारीक धाग्याच्या जाळीत पक्षी, साप, काहीही अडकतं. तसं झालंच तर ओढाताण करू नका, चोचीपासून तोंड लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. एक बाजू हुकांवर ठेवा, साफसफाईला आणि खाणं टाकायला. रेन ट्रीची पानं बारीक असतात, ती पावसात जाळीवर साचून तिला झोळ आणतात; आमचे माळीमामा केरसुणीने झटकतात.

हो, आणि आतली ती पायरी! जाळी लावायची नसेल तरी तिचा बंदोबस्त करा. आम्ही तिच्यावर कुंड्या एकमेकींना खेटून मांडल्या, पाय ठेवायला जागाच ठेवली नाही. तळाशी सहा इंची पाइपचे तुकडे आडवे टाकले. सावली पडली की मासे आता आपणहून त्यात शिरतात.

गप्पी परत सोडले ते आता फारच झालेत. मादी महिन्याभरात पुन्हा पिल्लं देते. आमच्या भागात कुणाला हौदासाठी हवे असतील तर बाटली घेऊन यावं. तलावात किंवा नदीत सोडायला मात्र देणार नाही, परदेशातून आलेले मासे आहेत हे, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.