आधी वेलांटी

दुपारी अडीचला लाईट गेली. मे महिना, सोलापूर, दुपारचे अडीच. पुढचं सांगायला नको. पंखा उगाच दोन-चार फेरे मारून थांबला, यूपीएस कोकलायला लागला आणि निम्म्यावर आलेलं वाक्य पडद्यासकट गुडूप झालं. मी खुर्चीवर चढून कपाटावरचा टाइपरायटर काढला. लाईट गेल्याचं मला फारसं दुःख झालं नव्हतं, हे बायकोच्या बरोबर लक्षात आलं. "अहो, कंबर सांभाळा," एवढंच म्हणाली.

गोदरेजचा आहे, मराठी. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका टंकलेखकानं दुकान आवरलं तेव्हा घेतला. सोबत दोन रिबिनी त्यानं फुकट दिल्या, जशी म्हशीसोबत दावं देतात तशी. गोदरेजनं टाइपरायटर करायला १९५५ मध्ये सुरुवात केली आणि २००९ मध्ये काम थांबवलं. चोपन्न वर्षं. सरकारी नोकरीत असता तर अजून चार वर्षं निघाली असती.

या यंत्रानं माझी एक सवय कायमची बिघडवली आहे. शाळेत बाईंनी आधी अक्षर, मग वेलांटी असं शिकवलं होतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारावी लागते, कारण कागद एकाच दिशेनं सरकतो आणि ती बसते अक्षराच्या डावीकडे. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग तिच्या कुशीत क. आता संगणकावरही माझं बोट आधी वेलांटीकडेच जातं. मग तो एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो आणि अक्षराची वाट बघत बसतो. लग्नपत्रिकेत मुलीचं नाव छापून मुलाची जागा रिकामी सोडावी तसं दिसतं ते.

शिवाय भ, ख, ण, ध, श ही मंडळी तिथं अखंड मिळतच नाहीत. अर्धं अक्षर मारायचं आणि काना जोडून ते पुरं करायचं. म्हणजे 'भाकरी'साठी अर्धा भ, त्याचा काना, वर शब्दाचा काना, मग क, र आणि दुसरी वेलांटी. सहा ठोके. कडक भाकरी मोडल्यासारखं वाटतं. (शेंगाचटणीत ण आहे, पण तो विषय इथं नको, भूक लागते.)

पण खरी ओढ आवाजाची. माझं लहानपण साखर पेठेत गेलं. दोन्ही बाजूंना टॉवेल-चादरींचे कारखाने, समोर विड्या वळणाऱ्या बायका, आणि दिवसरात्र मागांची खडखड. ती आम्हाला ऐकूच येत नसे. पाहुणे म्हणायचे, "झोपता कसे रे तुम्ही?" आम्ही झोपायचो छान. जाग यायची ती लाईट गेल्यावर. मध्यरात्री सगळे माग एकदम थांबायचे, त्या शांततेनं सबंध गल्ली दचकून उठायची, पोरं रडायला लागायची. लाईट आली की पहिल्यांदा एक माग, मग दुसरा, मग सगळे. आणि पोरं परत झोपायची.

ताई मॅट्रिक झाल्यावर टायपिंगच्या क्लासला जायला लागली. नव्या पेठेत जिना चढून वर. सोबत म्हणून आजी मला पाठवायची. दारातच मला ओळखीचं वाटलं. वीस-पंचवीस मशिनं एकदम चालू, धोटा पळावा तशी कॅरेज इकडून तिकडे, ओळ संपत आली की घंटी. मी बाकावर बसल्या बसल्या झोपलो. सरांना वाटलं पोरगं आजारी आहे.

घरी ताईची बोटं गप्प बसायची नाहीत. ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे. ताटाच्या कडेवर, उशीवर, आरती चालू असताना मांडीवर. आजीनं आठवडाभर बघितलं आणि शेवटी मिरच्या ओवाळून टाकल्या. ताई पुढं चाळीसच्या स्पीडनं पास झाली, तेव्हा आजीनं श्रेय मिरच्यांना दिलं.

एक मात्र मान्य करायला हवं. संगणकही आमच्या गल्लीचा लांबचा नातेवाईकच निघतो. चादरीवरचा मोर जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांवरची भोकं ठरवतात. तसल्याच भोकाभोकांच्या पत्त्यांवर चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं १८३० च्या दशकात आपलं गणिती यंत्र कल्पिलं होतं. म्हणजे घराणं चांगलं. पोरगं मुकं निघालं.

तर त्या दुपारी मी पानभर बडवलं आणि उत्साहात ताईला फोन लावला. "ऐक," म्हणून फोन मशिनजवळ धरला.

"बंद कर बे ते," ताई म्हणाली. "तेवीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं बडवली मी. तीन-तीन कार्बन घालून. एक अक्षर चुकलं की चारी प्रती खोडत बसायचं. अजून करंगळी वळत नाही माझी. तुला हौस आहे तर तू वाजव."

मी वाजवणं थांबवलं. मग थोड्या वेळानं, जरा हळू, परत सुरू केलं.

संध्याकाळी शेजारचे अण्णा आले. चाळीसेक वर्षं माग चालवला त्यांनी, एका वेळी चार-चार. दार उघडंच होतं. मी 'या, अण्णा' म्हणालो, मग उठून, मोठ्यानं, त्यांच्या उजव्या कानाशी म्हणालो. डावा कधीचाच गेलाय. लाईट अजून आली नव्हती. मी परत मशिनवर बसलो आणि दोन ओळी मारल्या. अण्णांनी माझ्या बोटांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि आपला तळवा सावकाश टेबलावर टेकवला.

"हां," म्हणाले, "चालू आहे."